चार वाजताचा धूर

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, आणि त्या घालत फिरणारी ती मी. आमच्या तळ्याकाठच्या सात-आठ गावांत गेल्या बारा वर्षांत तीनशेच्या वर चुली मी या हातांनी लिंपल्या. माती, शेण, गवताचा भुसा, आत मी आव्यात भाजलेल्या विटा आणि वर पत्र्याचं धुराडं. लाकूड निम्मं लागतं आणि धूर छपराबाहेर जातो. पोरं मला 'धुराची बाई' म्हणतात, मोठी माणसं 'ओचोलाची आई' म्हणतात. ओचोला माझा थोरला. तिसऱ्या वर्षी छाती भरून गेला, माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच पाठीला बांधलेला, मी मासे शिजवत असताना. बावीस वर्षं झाली त्याला. पण आमच्यात पहिल्या पोराचं नाव आईला चिकटलं की चिकटलं. दिवसातून वीसदा लोक मला त्याच्या नावाने हाक मारतात आणि वीसदा मी ओ देते.

मार्चमध्ये मी अदोयोच्या घरी चूल घातली. तिचा नवरा नैरोबीत रखवालदार आहे. घरात ती, तिची दीड वर्षाची पोरगी आणि म्हातारा सासरा ओगोला. पोरीचं नाव अविती, म्हणजे फेकलेली. आधीची दोन गेली की तिसरीला असं नाव ठेवतात, म्हणजे मरण येऊन बघतं आणि म्हणतं, ही तर टाकून दिलेलीच आहे, हिला काय न्यायचं. अदोयोची आधीची दोन्ही छातीनेच गेली होती. अवितीची छातीही जन्मापासून घरघरायची. दवाखान्यातल्या नर्सबाईने अदोयोला स्पष्ट सांगितलं होतं, पोरगी हवी असेल तर तिला धुरात ठेवू नकोस.

चूल झाली, धुराडं बसलं. उरले कोपऱ्यातले तीन धोंडे. ते अदोयोच्या सासूने, न्यार साक्वाने, सून आणली त्या दिवशी मांडले होते. न्यार साक्वा म्हणजे साक्वाची लेक, आमच्याकडे बायकांना अशी माहेराची नावं असतात. सासूने मांडलेले चुलीचे धोंडे सून हलवत नाही. सासू मेली असेल तर बाळंतपणं संपलेल्या बाहेरच्या बाईने ते उचलायचे, आणि जी उचलते तिच्या अंगावर मेलेलीचा गारवा चढतो, असं मानतात.

"तुम्हीच उचला ना, ओचोलाच्या आई," अदोयो म्हणाली. "तुम्ही कुठे या गोष्टी मानता?"

"मला अजून दोन घरं करायचीत," मी म्हटलं. "राहू देत कोपऱ्यात. खातात का काय तुला?"

खोटं बोलले मी. मला वेळ होता, नव्हता तो धीर. भुताखेतांना मी चारचौघांत हसते, पण न्यार साक्वाचं आणि माझं एक देणं-घेणं राहिलेलं होतं.

दोन वर्षांमागे, जुलैत, ती अंथरुणाला खिळली होती. तेव्हा अदोयो पाच महिन्यांची पोटुशी होती. पन्नास वर्षं तीन धोंड्यांच्या चुलींवर फुंकून न्यार साक्वाच्या छातीचा भाता झाला होता. मी त्या घरी गेले आणि नेहमीच्या तोऱ्यात हुकूम सोडला, म्हातारीजवळ विस्तव नको, धूर तिचा जीव घेईल. बाहेर झिमझिम पाऊस, तळ्यावरून गार वारा. तीन दिवस ती म्हणत होती, "जरा शेकोटी करा गं, हाडं गोठली माझी." तिसऱ्या दिवशी ओगोलाने कुणाकडून तरी खोलीत लाकडं पेटवून घेतली, तर मी ती ओढून काढली आणि वर पाणी ओतलं. चौथ्या दिवशी ती गेली. नर्सबाई म्हणाली, तशीही जाणारच होती. असेल. पण ती गारठून गेली, आणि ते माझ्यामुळे. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते.

मे संपता संपता अदोयो माझ्याकडे आली. अवितीचा खोकला कमी व्हायचा तर वाढला होता. मला रागच आला. नव्या चुलीत ओली लाकडं कोंबत असेल ही बया, असं वाटलं. किसुमू शहरातल्या एका ऑफिसने आम्हाला साबणाच्या वडीएवढ्या पेट्या दिल्यात. भिंतीवर टांगायची, मग ती मिनिटामिनिटाला हवा हुंगते आणि धुरातले डोळ्याला न दिसणारे बारीक कण मोजते. तेच कण छातीत जाऊन बसतात. आपण फोनवर बघायचं, तिथे दिवसभराची रेघ उमटते. मी पेटी अदोयोच्या स्वयंपाकघरात टांगली आणि दहा दिवसांनी रेघ बघायला गेले.

सकाळी छोटासा उंचवटा, संध्याकाळी सातला दुसरा. ती माझी चूल, शहाण्यासारखी वागत होती. पण मध्येच, चारच्या ठोक्याला, रेघ सरळ वर चढली होती, थेट डोंगर. पाऊण तासाने खाली. दुसऱ्या दिवशी तेच, आणि पुढे दहाच्या दहा दिवस तेच.

"अदोयो, चार वाजता काय शिजवतेस गं?"

"चार वाजता मी रस्त्यावर असते, सुके मासे घेऊन. तीनला जाते ती सहाला येते, पोरगी बाबांजवळ अंगणात खेळते. सगळ्या गावाला विचारा."

"मग म्हातारबाबा?"

अदोयो खो खो हसली. "बाबा? आणि स्वयंपाकघरात? ऊन लागलंय का तुम्हाला?"

मलाही हसू आलं. आमचे पुरुष स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाहीत. आत मक्याच्या पिठाचा कुओन झाकून ठेवलेला असला तरी उपाशी बसतील, पण उठून घेणार नाहीत. चुलीशी फुंकत बसलेला म्हातारा कुणी पाहिला तर त्याला पुरल्यावरही लोक हसायचे. म्हणून ओगोलाचं नाव मी तिथल्या तिथे खोडलं. तीच माझी चूक. बाहेरून आलेल्या कुणीही आधी त्याच्याकडेच बघितलं असतं.

हसून झाल्यावर अदोयोने मान खाली घातली. "एक सांगू? चारला आई चूल पेटवायच्या. रात्रीचा मका-घेवडा शिजत घालायच्या. एक दिवस चुकला नाही त्यांचा."

"मग?"

"संध्याकाळी आल्यावर त्या धोंड्यांमधली राख गरम असते. मी हात लावून बघितलाय."

"कधीपासून?"

"तुम्ही नवी चूल घातलीत ना, त्याच आठवड्यापासून. त्यांचे धोंडे गार पडले तेव्हापासून."

माझ्या हातातला फोन मी उगाच पुसत बसले. मग म्हटलं, पेटी बिघडली असेल. दुसरी आणून टांगली. तीही चारला डोंगर काढू लागली. पेटीला काय ठाऊक न्यार साक्वा कोण होती ते? ती फक्त धूर मोजते. माझं खाण्यावरचं मन उडालं. चार वाजायला आले की मी जिथे असेन तिथे हात थांबायचे, आणि कुणीतरी थरथरत्या आवाजात शेकोटी मागतंय असं वाटायचं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अवितीची छाती भरली. ओठ निळे पडले. दोन दिवस तिला दवाखान्यात नळी लावून ठेवलं होतं. नर्सबाई अदोयोला काही बोलली नाही, मलाच बाजूला घेऊन म्हणाली, "तुम्ही चूल घातलीत ना? मग हिच्या छातीत धूर कुठून जातो? पुढच्या वेळी ही इथवर पोचायची नाही."

घरी परतताना अदोयो रडली नाही. पोरीला छातीशी धरून म्हणाली, "दोन तर गेलीच, आता आई हिच्यासाठी येतात. नाव फेकलेलं ठेवून काय उपयोग? आजीला घरातलं माणूस ओळखता येतंच."

"गप्प बस," मी म्हटलं.

दोन दिवसांनी, अदोयो माशांची टोपली घेऊन रस्त्यावर गेल्यावर, मी कुणाला न सांगता निघाले. पुढच्या फाटकाने नाही, मागच्या शेराच्या कुंपणातून शिरले. पावणेचार झाले होते. लख्ख ऊन होतं. कोंबड्या सावलीला बसल्या होत्या. अंगणात म्हाताऱ्याची खुर्ची रिकामी होती. आमच्यात घरच्या माणसाला अंगणातच पुरतात, न्यार साक्वाच्या थडग्यावर गवत वाढलं होतं. मी त्याच्याकडे न बघता भिंतीला टेकून उभी राहिले आणि वाट बघू लागले.

जरा वेळाने स्वयंपाकघराच्या गवती छपरातून धूर पाझरायला लागला. धुराड्यातून नव्हे, छपरातून. पूर्वीच्या घरांतून येतो तसा, सगळीकडून. आणि आतून बोलणं ऐकू आलं.

"बघ, कान बघ हिचे. तुझेच आहेत." मग शांतता, कुणी उत्तर देत असावं तेवढी. "नाही गं, अजून नीट नाही बोलत. शिकवतोय मी. म्हण पोरी, दानी. दानी म्हण. आजी आहे ती तुझी."

आणि मग अवितीचा खोकला आला. तो कोरडा, लांबलेला खोकला मी ओळखते. बावीस वर्षांत मी तो विसरलेली नाही.

मी दार ढकललं. आत धूर इतका की आधी काही दिसेना. मग दिसलं, तीन धोंड्यांमध्ये जाळ, आणि त्याच्यापुढे, बुटक्या तिवईवर, पाठमोरी न्यार साक्वा बसलेली. डोक्यावरून तेच पिवळं कापड घेतलेलं, लाल कोयऱ्यांचं. शेवटच्या दिवसांत तेच तिच्या अंगावर होतं. तिच्या मांडीवरून अवितीचे पाय लोंबत होते.

मी दाराला धरलं. तोंडून आपोआप निघालं, "न्यार साक्वा, मला माफ कर. मी विझवली ती शेकोटी. मीच पाणी ओतलं. मला वाटलं तू जगशील."

पिवळं कापड वळलं. आत ओगोला होता. दाढीचे पांढरे खुंट, धुराने गळणारे डोळे. तो दचकला नाही. अगदी साध्या आवाजात म्हणाला, "ऐकतेय ती. पुढे बोल."

मी झडप घालून पोर उचललं आणि बाहेर पळाले. थेट थडग्यापाशी, जिथे वारा होता तिथे जाऊन थांबले. अविती धापा टाकत होती. मी तिची पाठ चोळत बसले आणि मनातल्या मनात श्वास मोजू लागले. बऱ्याच वेळाने तो जरा सावकाश झाला.

ओगोला मागून आला. कापड त्याने डोक्यावरून काढून खांद्यावर टाकलं होतं. "कुणाला सांगू नकोस, ओचोलाच्या आई. हसतील मला."

"हसतील? बाबा, तुम्हाला हसण्याची पडलीय? पोरगी मरेल या धुराने!"

"धुराने कोण मरतं? मी त्याच धुरात वाढलो, माझा बापही."

"तुमची बायको मेली."

"ती थंडीने मेली," तो म्हणाला.

बारा वर्षं मी घराघरांतून बोलत आले, कण म्हणजे काय, छातीत ते कसे साचतात, धुराडं किती उंच हवं. त्यातलं एक अक्षर तिथे चाललं नसतं. तो खरं बोलत होता आणि ते त्याला आणि मला दोघांनाच ठाऊक होतं.

मग तो खाली बसला आणि आपणहून सांगू लागला. "ती गेल्यावर काही नव्हतं. अदोयो तिच्या धोंड्यांवरच रांधायची, तिला ऊब मिळायची. तू ती नवी चूल घातलीस आणि त्याच रात्री ती आली. स्वप्नात उभी राहते, दात वाजतात तिचे. म्हणते, माझी चूल का विझवली? बायकोने दोनदा विस्तव मागितला आणि दोन्ही वेळा नवऱ्याने दिला नाही, असा नवरा कशाला हवा? म्हणून चारला मी तिची चूल पेटवतो, आणि तिचं कापड डोक्यावर घेतो. कुणी लांबून पाहिलं तर बाईमाणूस वाटावं."

"आणि पोरीला का नेता आत?"

"तिने हिला बघितलीच नाही ना गं. हिची वाट बघत गेली ती." त्याने अवितीच्या पायाला हात लावला. "आता या घरात माझ्या हातात द्यायला दुसरं काय आहे?"

मला त्याचा राग यायला हवा होता. त्याच्या मायेने पोर मरायला टेकलं होतं. पण मला रडूच आलं, आणि मी ते लपवलं नाही. माझ्या ओचोलालाही मी मायेनेच पाठीशी बांधून चुलीपाशी नेत होते. खाली ठेवलं की रडायचा म्हणून.

डोळे पुसून मी विचारलं, "बाबा, न्यार साक्वा कुठे निजलीय?"

त्याने समोरच्या गवताकडे बोट दाखवलं. आम्ही बसलो होतो तिथून हातभर अंतरावर.

"मग तिला इथे सोडून विस्तव आत कशाला पेटवता? इथे पेटवा. अंगणातली शेकोटी तर पुरुषाचीच असते. तुमचे बाप-आजे बसले, तुम्ही बसलात तर कोण हसेल?"

तो विचारात पडला. "पण धोंडे तिचे आत आहेत. ते मी कसे उचलू? अदोयोही नाही उचलू शकत."

"मी उचलते," मी म्हटलं.

सहाला अदोयो आली. मी तिला सगळं सांगितलं. आधी ती सासऱ्यावर भडकली, इतकी की टोपली फेकली, मासे अंगणभर झाले आणि कोंबड्यांची चंगळ झाली. "माझी पोर! माझी एकुलती उरलेली पोर!" म्हातारा मान खाली घालून ऐकत राहिला. मग त्याच्या खांद्यावर ते पिवळं कापड तिला दिसलं आणि ती थांबली.

मी धोंडे उचलायला वाकले तेव्हा ती दारातून म्हणाली, "ओचोलाच्या आई, नको. तुमच्या अंगावर चढेल."

"चढू दे. सारखी आव्यापुढे भाजत असते मी. जरा गारवा बरा."

कुणी हसलं नाही. पहिला धोंडा उचलला, दुसरा उचलला. चारच्या जाळाने ते अजून गरम होते. तिसरा भिंतीच्या बाजूचा, न्यार साक्वा ज्याला पाय टेकून बसायची तो. त्याला त्याच विस्तवाची आच लागली होती. तरी तो गार होता, पावसात राहिलेल्या दगडासारखा. मी तो पोटाशी धरून अंगणातून नेला. माझ्या कपड्यांना काजळी लागली. थडग्याच्या पायथ्याशी, घराच्या उलट बाजूला, वारा घराकडे येत नाही अशा जागी मी तिन्ही मांडले.

मग म्हाताऱ्याला नियम घालून दिला. आधी पोरगी आणायची, तिला दाखवायची, दोन शब्द बोलायचे. मग ती आईकडे किंवा शेजारणीकडे द्यायची. ती गेल्यावरच काडी ओढायची. "आणि यात चूक केलीत," मी म्हटलं, "तर मी स्वतः येऊन तिला सांगेन की तुम्ही तिची नात मारलीत."

"सांगशील तू," ओगोला म्हणाला. "तुझं काही सांगता येत नाही."

पेटी मी त्याच भिंतीवर राहू दिली. पुढच्या दहा दिवसांत सकाळी छोटा उंचवटा, संध्याकाळी छोटा उंचवटा, आणि चार वाजता काहीच नाही. मी ती रेघ कितीदा बघितली याची गणती नाही.

जुलैच्या शेवटी त्या बाजूला एका चुलीची डागडुजी करायला गेले होते, म्हणून वाकडी वाट करून त्यांच्याकडे डोकावले. झिमझिम पाऊस होता. ओगोला एका हातात छत्री धरून थडग्यापाशी जाळ जपत होता, छत्री विस्तवावर आणि स्वतः भिजलेला. पावसामुळे अदोयो घरीच होती आणि अविती ओसरीवर तिच्या पायाशी खेळत होती. मी आधी तिच्याजवळ गेले. उचलून तिची छाती कानाला लावली. घरघर नाही, शिट्टी नाही, काही नाही. पोर चुळबुळ करून माझ्या हातातून सुटलं आणि कोंबडीमागे धावलं. अदोयो नुसती हसली.

मला खोकल्याची उबळ आली. हल्ली येते. धोंडे उचलल्या दिवसापासून पाठीत एक गारवा भरलाय, तो काही जात नाही. नर्सबाई म्हणते, आयुष्यभराचा धूर आणि आव्याची राख, दुसरं काय. तिचं खरंच असणार.

म्हाताऱ्याने मला हाक मारली. मी जाऊन त्याच्या शेजारी उकिडवी बसले आणि हात शेकले.

"काल आली होती," तो म्हणाला. "आता दात वाजत नाहीत तिचे. चांगली विस्तवापाशी पाय पसरून बसली होती."

"काही बोलली?"

"विचारलं तिने, माझे धोंडे कुणी उचलले. मी तुझं नाव सांगितलं."

मी जाळाकडे बघत होते. "मग? रागावली?"

"नाही." ओगोलाने एक काटकी आत सरकवली. "काही बोलली नाही. जरा सरकून बसली, आणि शेजारी एका माणसाची जागा केली."

पाऊस छत्रीवर वाजत होता. तिकडे ओसरीवरून अविती ओरडत होती, "दानी! दानी!" कुणाला हाक मारत होती कोण जाणे, तोंड मात्र आमच्याकडे होतं. तिला ओरडताना एकदाही दम लागला नाही.

"तिला सांगा," मी म्हटलं, "जागा राखून ठेव. आणखी थोडी घरं राहिलीत माझी."